एस्किलच्या जुळ्या तलवारी

१

माल्टे गुडघ्यांवर बसला तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

आमच्या राउनस्ट्रानच्या व्हायकिंग जत्रेत लढाईला माणसं मरतातच. तलवार लागली की आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि शेवटचं शिंग वाजलं की उठून बिअर प्यायला जायचं. माल्टे तर मरण्यात पटाईत. एका वर्षी तो मेल्यावर शिंकला होता, आणि समोरच्या रांगेतल्या म्हातारीने त्याला ‘देव बरं करो’ म्हटलं होतं. त्यामुळे तो डाव्या हाताने उजवं मनगट आवळून बसला, तेव्हा लोकांना वाटलं, यंदाचं नाटक काही वेगळंच दिसतंय.

त्याच्यासमोर त्याची बायको सिसेल उभी होती. आदल्याच दिवशी घेतलेली नवी तलवार तिच्या हातात होती, आणि शिरस्त्राणाखाली ती हसत होती.

“पुरे रे! आडवा हो आता, नाहीतर माझी माणसं तुला तुडवतील.”

“सिसेल,” माल्टे अगदी हळू म्हणाला, “तुझी तलवार कापतेय.”

मग त्याच्या बोटांमधून रक्त गवतावर पडलं आणि टाळ्या थांबल्या.

मी प्रेबेन. ही जत्रा भरवण्याची जबाबदारी माझी. मी दोरी ओलांडून धावलो, पण माझ्याआधी विबेके पोचली होती. लढाईला उतरणारं प्रत्येक शस्त्र तिच्या हाताखालून जातं. तिने माल्टेचा दंड पट्ट्याने आवळला, सिसेलच्या हातातून तलवार काढून घेतली, पात्याकडे एकदाच पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात ओढ्याकडून बिर्टे धावत आली. बिर्टे माल्टेची आई. जत्रेत ती लोकर रंगवते, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. मुलाचं रक्त बघून ती विबेकेवर ओरडली, “तपासलं नाही? अगं, तपासल्याशिवाय यांना सोडलंच कसं तू?”

 आईचा जीव, दोष कुणावर तरी टाकणारच, असं मला वाटलं.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवरून माल्टे म्हणाला, “आई, तू सिसेलजवळ थांब. तिच्याकडे बघ जरा.” सिसेल हातमोजे न काढताच गवतावर बसून होती. बिर्टेने एक क्षण गाडीकडे पाहिलं, एक क्षण सुनेकडे, आणि ती सुनेजवळ बसली.

गाडी गेल्यावर विबेके माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “प्रेबेन, ही तलवार सकाळी मी स्वतः तपासली. तेव्हा तिने लोणीसुद्धा कापलं नसतं.”

२

आदल्या दिवशी ती तलवार विकत घेतली जात होती तेव्हा मी तिथेच होतो. एस्किल लोहाराच्या पालात कॉफी बरी मिळते.

सिसेल कित्येक वर्षं उसन्या तलवारीने लढत होती. कुणाची मूठ मोठी, कुणाचं पातं पुढे जड. यंदा तिने ठरवलं होतं, घ्यायची तर एस्किलच्या हातची. एस्किल सत्तरीचा, बोलायला खडूस. गिऱ्हाइकाला तो आधी तलवार दाखवत नाही, आधी त्याचा हात मागतो. त्याने सिसेलचा पंजा उलटसुलट केला, अंगठा दाबून पाहिला.

“भांडी कोण घासतं घरी?”

“माल्टे.”

“कळतंय. हात मऊ आहेत. पातळ मूठ लागेल तुला.”

माल्टे मागून म्हणाला, “मलाही एखादी पातळ मूठ दे की. माझे हात भांडी घासून झिजलेत.”

एस्किलने मेजावर दोन तलवारी ठेवल्या. एकाच लोखंडाच्या, एकाच बैठकीत घडवलेल्या, अगदी जुळ्या. मुठीवर तेच तपकिरी चामडं, टोकाला तोच पितळी लट्टू. “ही खेळायची,” तो म्हणाला, “धार नाण्याच्या कडेएवढी जाड, टोक गोल. आणि ही भिंतीवर लावायची. हिला खरी धार आहे. ही हेनिंगसाठी केलीय.”

हेनिंग शेजारीच उभा होता. जुन्या वस्तूंचा शौकीन, एकटा राहणारा माणूस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तोही लढायचा. पण एकदा रागाच्या भरात त्याने एका मुलाच्या शिरस्त्राणावर खरोखरच्या ताकदीने तलवार हाणली, आणि माल्टेने त्याला सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढलं. तेव्हापासून हेनिंग तलवारी फक्त विकत घेतो.

सिसेलने खेळायची तलवार उचलली. हात लांब करून तोलली, दोन पावलं चालली, हवेत एक वार ओढला. पातं वळलं आणि आपोआप परत आल्यासारखं तिच्या खांद्याशी येऊन थांबलं. तिचा चेहरा असा काही उजळला की एस्किलसुद्धा हसला.

बिर्टे म्यानांचे पट्टे घेऊन आली होती. दोन्ही पट्टे तिनेच विणले होते, सिसेलचा लाल, हेनिंगचा हिरवा. मूठ म्यानाशी बांधून ठेवायच्या नाड्याही तिच्याच. जत्रेत तलवार बांधूनच वागवायची असते.

“पण एस्किल,” तिने विचारलं, “म्यानात घातल्यावर ह्या दोघी ओळखायच्या कशा?”

“म्यानातून काढायची आणि बोटाला विचारायचं.” त्याने तिचं बोट धरून दोन्ही पात्यांवर हलकेच टेकवलं. दुसऱ्या पात्याशी तिने झटक्यात हात मागे घेतला. सगळे हसलो.

सिसेलने नवी तलवार रात्री उशाशी घेतली असणार, अशी थट्टा शनिवारी सकाळी न्याहारीला चाललीच होती. तेवढ्यात मी बाकावर चढून शिंग फुंकलं. दुपारी वादळ येणार होतं, म्हणून सगळं अलीकडे ओढलं. शस्त्रतपासणी दरवर्षी भर दुपारी असते, ती न्याहारी संपताच. आणि लढाई तिसऱ्या प्रहरी असते, ती दुपारी बाराला.

तपासणीत पास झालेल्याच्या मनगटाला विबेके लाल दोरा बांधते. सिसेलच्या मनगटाला तो दोरा होता. म्हणजे बोथट तलवार सकाळी तपासली गेली, आणि दुपारी त्याच हातात धारदार तलवार होती.

३

पोलिसांचा फोन आला. रस्त्यात झाडं पडली होती, ते संध्याकाळपर्यंत पोचणार होते. तोवर कुणी जायचं नाही आणि तलवारीला कुणी हात लावायचा नाही. लोक घोळक्याने उभे होते आणि प्रत्येक घोळक्यात वेगळा गुन्हेगार ठरत होता. तंबूंचे दोर वाऱ्याने कण्हायला लागले होते.

“मी संध्याकाळपर्यंत बसून राहणार नाही,” विबेके म्हणाली. तिने सगळी नोकरी विमा कंपनीत चौकशीच्या कामात काढली. जळालेले गोठे आपोआप जळाले की जाळले, बुडालेल्या बोटी बुडाल्या की बुडवल्या, हे शोधायचं. निवृत्त झाली तरी माणसाकडे बघताना तिची मान अजून तशीच तिरकी होते. “दोरा मी बांधलाय. मी चुकले असेन तर तेही मला आजच कळलं पाहिजे.”

तिने फडक्यात धरून पातं उजेडाकडे केलं.

“बघ. कुणी घाईघाईत कानस फिरवलेली नाही. उतार मुठीपासून टोकापर्यंत सारखा आहे. घासलेला, चकाकी दिलेला. हे कसबी माणसाचं काम आहे, आणि सावकाश केलेलं. सकाळ ते दुपार एवढ्या वेळात होणारं नाही.”

“म्हणजे एस्किल?”

“एस्किलला विचारू.”

एस्किलच्या पालासमोर चार माणसं हमरीतुमरीवर आली होती. “म्हाताऱ्याला दिसत नाही आता, चुकीची तलवार विकली त्याने,” असं एक जण ओरडत होता. एस्किल ऐरणीवर बसून होता. त्याने तलवार हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली.

“माझीच आहे.”

“सकाळभर कुठे होतास?”

“इथेच. भट्टी पेटलेली होती, भोवती पोरंटोरं होती. विचार कुणालाही.” मग तो उठला आणि पात्यावर वाकला. त्याचा आवाज बदलला. “विबेके, माझी आहे. पण ही सिसेलला विकलेली नव्हे. ही हेनिंगची.”

“नक्की?”

“जुळ्यांच्या आईला विचारतेस नक्की का?” तो चिडला. “धार काढताना पातं घासलं जातं. ही दुसरीपेक्षा किंचित हलकी आहे. सिसेलच्या हाताला ते कळलं कसं नाही?”

मी वळलो. घोळक्यातल्या एकाने हे ऐकलं होतं. “हेनिंग!” तो ओरडला, आणि सगळी माणसं हेनिंगच्या हिरव्या तंबूकडे धावली.

४

आम्ही पोचलो तेव्हा दोघांनी हेनिंगची गचांडी धरली होती. त्याचा चष्मा गवतात पडला होता.

“सोडा त्याला!” विबेके ओरडली. एवढ्याशा बाईचा तो आवाज ऐकून खरोखरच सोडलं त्यांनी.

“माझी तलवार इथेच आहे,” हेनिंग धापा टाकत म्हणाला. “बघा ना! पेटीवर आहे. मी काल संध्याकाळनंतर तिला हातही लावलेला नाही.”

पेटीवर हिरव्या पट्ट्याचं म्यान होतं. मूठ बाहेर, नाड्या नीट बांधलेल्या. कुणीतरी झडप घालून ती उपसणार, तेवढ्यात विबेकेने त्याचा हात धरला. ती वाकून गाठीकडे बघत राहिली. वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत होतं, बाहेर लोक ओरडत होते, आणि ही बाई गाठ बघतेय!

“हेनिंग, ही गाठ कुणी मारली?”

“मीच. काल मित्रांना तलवार दाखवली, मग परत बांधली.”

“मारून दाखव मला तशी. माझ्या दोऱ्यावर.”

त्याने तिच्या दोऱ्यावर गाठ मारली. बुटाच्या नाडीची असते तशी, दोन कान असलेली. म्यानावरची गाठ वेगळी होती. लहान, चपटी, घट्ट, कुठेही टोक न लोंबणारी.

विबेकेने ती सोडवली, तलवार बाहेर ओढली आणि अंगठा सरळ पात्यावरून फिरवला.  पण अंगठ्याला काहीही झालं नाही.

“ही सिसेलची,” ती म्हणाली.

हेनिंग पेटीवर मटकन बसला. “मी नाही. देवाशपथ, मी नाही. सकाळी मी किनाऱ्यावर होतो, बोटी वर ओढत होतो. सगळेच होते.”

“सगळेच होते म्हणजे कुणी कुणाला बघत नव्हतं,” बाहेरून एक जण म्हणाला. “माल्टेने तुला हाकललं होतं. विसरलास?”

“विसरेन कसा?” हेनिंगचा आवाज फुटला. “त्याने बरोबरच केलं होतं. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?”

 विबेकेने त्याचा चष्मा उचलून पुसला आणि त्याच्या हातात दिला.

“मी ठेवते,” ती म्हणाली. “तू चल, प्रेबेन. मला सिसेलला एकच गोष्ट विचारायचीय.”

५

सिसेल तिच्या तंबूत गोधडी पांघरून बसली होती. बाजूला न प्यालेला चहा. बिर्टे ओढ्याकडे गेली होती, वाऱ्याने रंगाची भांडी उलटतील म्हणून.

“दवाखान्यातून काही कळलं?” तिने आम्हाला बघताच विचारलं.

“शस्त्रक्रिया चालू आहे. सिसेल, तपासणीनंतर तलवार कुठे होती?”

“इथे, बिछान्यावर. मी ढाल घेऊन सरावाला गेले होते. मग पाव खायला. लढाईचं शिंग वाजलं तशी उचलली आणि पळाले.” तिने डोळे घट्ट मिटले. “हलकी वाटली मला. खरंच वाटली. पण मला वाटलं, हात तापलाय आता, म्हणून. हातमोजे होते, धार कळली नाही. मी त्याला ताकदीने मारलंच नव्हतं गं. नुसतं टेकवून ओढलं.”

“मधल्या वेळात कुणी भेटलं?”

“कुणी नाही. बिर्टे भेटली, गावातून पाव घेऊन आली तेव्हा. स्ट्रॉबेऱ्या आणल्या होत्या. म्हणाली, खाऊन घे, तपासणीच्या रांगेत तासभर तिष्ठावं लागेल. मी हसले. तिला लढाईची रांग म्हणायचं असेल.”

“तुझ्या मनगटावरचा दोरा तिला दिसला नाही?”

“बाही होती. का?”

 विबेके बाहेर आली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे हात सारखे काहीतरी चाचपत होते, खिसा, पट्टा, पुन्हा खिसा. तिला असं अस्वस्थ मी कधी पाहिलं नव्हतं.

“मला आवडत नाहीये हे,” ती म्हणाली. “ऐक आणि कुठे चुकते ते सांग. तलवार बदलणाऱ्याला माल्टेला जखमी करायचं होतं असं सगळे धरून चाललेत. पण कोण कुठल्या बाजूने लढणार याच्या चिठ्ठ्या तू कधी टाकल्यास?”

“लढाईच्या तोंडावर.”

“मग सिसेल माल्टेसमोर येईल हे सकाळी कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. एस्किलची बदनामी करायची असेल, तर तलवार मैदानात कुणाला लागायची वाट कशाला बघायची? तपासणीत सापडली असती तरी तेवढंच काम झालं असतं.”

“पण तपासणी तर आधीच झाली होती.”

“झाली होती. हे तुला माहीत, मला माहीत, न्याहारीला जे जे होते त्यांना माहीत. आणि ज्याला माहीत नव्हतं त्याला?”

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला, आणि तो मला नको होता.

“त्याच्या हिशेबाने तपासणी दुपारी,” विबेके म्हणाली. “तेव्हा सिसेल म्यानातून तलवार काढेल, मी धार बघेन, तिला रांगेतून बाहेर काढेन. रक्त नाही, काही नाही. सिसेल चिडेल, लढाई हुकेल, संध्याकाळी दोन तलवारींची अदलाबदल सापडेल आणि सगळे हसतील. म्हणून तर दुसरी तलवार लपवली नाही, हेनिंगच्या म्यानात नीट घालून नाड्यासुद्धा बांधल्या. रोज सूत जोडणाऱ्याची बोटं तशीच गाठ मारतात, त्याला दुसरी सुचतच नाही.”

“दुपारी शिंग वाजलं तेव्हा…”

“तिला वाटलं, तपासणीचं वाजलं. ती निवांत ओढ्याकाठी रंग ढवळत बसली. मग किंचाळ्या ऐकू आल्या. आणि ती माझ्यावर काय ओरडली, आठवतंय? ‘काय झालं?’ नाही म्हणाली. ‘तपासलं नाही?’ म्हणाली. मुलाचं रक्त बघून आईच्या तोंडून पहिला प्रश्न तपासणीचा!”

६

बिर्टे विस्तवावर पाणी ओतत होती. निळी लोकर वाऱ्याने तिच्या तोंडावर आपटत होती. आम्हा दोघांना येताना बघून तिने घडा खाली ठेवला.

“माल्टे?”

“अजून फोन नाही,” मी म्हणालो.

विबेके तिच्या शेजारी दगडावर बसली. “बिर्टे, सकाळी तू गावात असताना प्रेबेनने वेळा बदलल्या. तुला कुणी सांगितलं नाही ना?”



“नाही,” बिर्टे म्हणाली. “कुणी सांगितलं नाही.” मग खाली बसली. रडली नाही. “मी केलं. दोन्ही मीच बदलल्या. पोलीस आले की त्यांना सांगणारच होते. आधी तो शुद्धीवर आलेला ऐकू दे, एवढंच म्हणत होते मनाशी.”

“हेनिंगला लोकांनी मारलं असतं!” माझ्याच्याने राहवलं नाही.

“काय?” ती उभी राहिली. “कुणी? कुठे आहे तो?” तिला खरोखरच माहीत नव्हतं. ओढ्याशी फक्त वाऱ्याचा आवाज होता.

“तो ठीक आहे,” विबेके म्हणाली. “पण का, बिर्टे? सिसेलला लढू द्यायचं नव्हतं, इथपर्यंत मला कळतं. पुढचं तू सांग.”

बिर्टेचा चेहरा दार लावल्यासारखा मिटला.

“मला नव्हतं आवडत तिचं लढणं.”

“इतकी वर्षं चाललं. यंदाच का?”

“यंदा जास्त नाही आवडलं.”

“एवढ्यासाठी?”

“हो, एवढ्यासाठी. सासू आहे मी. सुनेचं कौतुक बघवलं नाही, नवी तलवार बघवली नाही. असं समज. असंच सांग सगळ्यांना.”

“मी हे कुणालाही सांगितलं तर जन्मभर तुझ्याशी कुणी बोलणार नाही. माल्टेसुद्धा.”

“नको बोलू दे.”

विबेकेची मान तिरकी झाली. ती काही विचारणार, तोच आमच्यामागून आवाज आला.

“ती खोटं बोलतेय.”

सिसेल होती. गोधडी खांद्यावरून घसरलेली, पाय अनवाणी. आमच्यामागून केव्हा आली कळलंच नाही.

“सिसेल, गप्प बस,” बिर्टे म्हणाली. “तंबूत जा. वारा लागेल.”

“वसंतात सरावाला माझ्या डोक्याला ढाल लागली,” सिसेल माझ्याकडे बघत म्हणाली. बिर्टेकडे बघायचं धाडस तिला होत नसावं. “आठवडाभर मला एकाची दोन माणसं दिसत होती. माल्टे तेव्हा बोट पोचवायला नॉर्वेला गेला होता. हीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा डोक्याला मार बसला तर सांगता येत नाही. वर्षभर लढाई बंद. मी हिच्याकडून वचन घेतलं. माल्टेला सांगायचं नाही, कुणालाच नाही. त्याला कळलं असतं तर त्याने मला कधीच उतरू दिलं नसतं.”

“सिसेल!”

“रोज म्हणायची ही, सांग त्याला, नाहीतर थांब. मी म्हणायचे, वचन दिलंयस तू. काल रात्रीसुद्धा म्हणाली. मी तिला म्हटलं…” सिसेलने गोधडी ओढून घेतली. “मी म्हटलं, तू माझी आई नाहीस.”

 पाण्यावर पावसाचे पहिले थेंब वाजायला लागले.

“वचन तर पाळलं ना मी,” बिर्टे पुटपुटली. “तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, तोंडाने सांगता येत नाही तर तलवारच सांगेल. काय अक्कल चालवली म्हातारीने!” आणि तेव्हा ती रडायला लागली. सिसेल तिच्यापाशी बसली. तिने तिचे निळे हात आपल्या मांडीवर घेतले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

विबेके उठली. “चल,” ती मला म्हणाली. “एस्किलला सांगायला हवं. आणि हेनिंगला. सगळ्यांसमोर.”

७

हेनिंगची माफी त्याला धरणाऱ्या दोघांनी मागितली, पण नजर चुकवून. मी बाकावर चढून मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे,” आणि तंबू आवरायला लागला. पुढच्या वर्षी तो आला नाही. एस्किलने आपली बोथट तलवार परत नेली आणि धारदार पोलिसांनी. जुळी तलवार घडवणार नाही आता, एवढंच तो म्हणाला.

पोलिसांना बिर्टेने स्वतः सगळं सांगितलं. त्यांनी तिला जायला परवानगी दिली, पुढचं पुढे बघू म्हणाले. बिर्टे आणि सिसेलला दवाखान्यात मी नेलं. वाटेत काचेवर पाऊस असा आदळत होता की बोलायची गरजच पडली नाही.

माल्टे जागा होता. उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत पट्ट्यांत. तो बोटी बांधतो. दोन बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

सिसेलने आधी सांगितलं. वसंतातलं, डॉक्टरचं, वचनाचं. उभ्याउभ्याच, एका दमात. मग बिर्टेने सांगितलं. ती दारातच थांबली होती, आत येत नव्हती. मी बाहेर जायला निघालो तर तिने माझी बाही धरून ठेवली.

माल्टे छताकडे बघत होता. एकदा त्याने बायकोकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही दोघींनी मला सांगायचं नाही असं ठरवलंत,” तो म्हणाला. “दोघींनी.”



“डोकं दुखतं अजून?” त्याने सिसेलला विचारलं.

“कधीकधी.”

त्याने मान हलवली. रागाने की कशाने, कळलं नाही. बाहेरून जेवणाची गाडी गेली, नर्सने त्याच्यासमोर सुपाचा वाडगा ठेवला. त्याने डाव्या हातात चमचा घेतला. सूप हनुवटीवर सांडलं. दुसऱ्यांदा चादरीवर. सिसेल पुढे झाली, पण त्याने तिला थांबवलं.

त्याने चमचा वाडग्यात ठेवला. मग दाराकडे न बघता म्हणाला, “आई, ये. तूच भरव.”

बिर्टेने माझी बाही सोडली.